धानाची रोगराई आणि सामाईक शिवार

आश्विनाच्या उत्तरार्धात, पावसाने काढता पाय घेतल्यावर आणि पहाटेचे दव पानापानांवर साचू लागल्यावर, गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या भारी धानाच्या बांधीकडे धुऱ्यावरून पाहणाऱ्या नवख्या माणसाला लोंब्या नेहमीपेक्षा थोड्या लवकर पांढुरक्या झालेल्या दिसतात, आणि पीक कापणीस आले असा त्याचा समज होतो. परंतु बांधीचा धनी त्यांतली एक लोंबी हाती घेतो, तिचा देठ जिथे पानाच्या आवरणातून बाहेर पडतो तिथल्या करड्या-काळ्या वळ्यावर बोट ठेवतो, दाणे चिमटीत दाबून पाहतो, आणि ते पोचट निघतात. या विकाराला मानमोडी म्हणतात. लोंबीच्या मानेतून दाण्यात जाणारा अन्नरसाचा मार्ग बुरशीने बंद पाडलेला असतो. दाण्यात दूध भरण्यापूर्वी हा घाला पडला तर लोंबी रिकामी राहते, नंतर पडला तर दाणा अर्धवट भरतो आणि भरडाईत त्याची कणी होते. रोगाने पीक मारले असे आपण त्या दिवशी म्हणतो. वस्तुतः त्या दिवशी रोगाचा केवळ निकाल लागलेला असतो. त्याची सुनावणी ज्येष्ठापासून, बियाण्याच्या निवडीपासून, युरियाच्या पहिल्या हप्त्यापासून, शेजारच्या बांधीतून आलेल्या पाण्यापासून चालू असते.

गोंदिया हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक-अर्जुनी आणि अर्जुनी-मोरगाव असे त्याचे आठ तालुके; वैनगंगा आणि तिला मिळणाऱ्या बाघ, चुलबंद, गाढवी या नद्यांचे पाणी; आणि या पाण्यावर पोसलेले धान व त्या धानावर उभ्या राहिलेल्या राइस मिली, हे या मुलखाचे अर्थकारण आहे. जुन्या बंदोबस्ताच्या दफ्तरांत इथल्या जमिनींची कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी अशी वर्गवारी आढळते, आणि कास्तकार आजही याच नावांनी आपली जमीन ओळखतो. हलके धान बरड उतारावर, भारी धान खोलगट जागी, ही त्याची परंपरागत तजवीज कोणत्याही कृषिशास्त्रज्ञाने मान्य करावी अशी आहे. पण या शेतीचे एक लक्षण रोगाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. उतारावर पायऱ्यांप्रमाणे मांडलेल्या बांध्यांतून पाणी एका धन्याच्या जमिनीतून दुसऱ्याच्या जमिनीत, धुरा फोडून, उतरत जाते. सातबारा प्रत्येकाचा निराळा असला तरी पाणी, वारा आणि कीटक यांना तो वाचता येत नाही. पिकाचा रोग ही एका बांधीची बाब नसून संपूर्ण शिवाराची बाब आहे, हेच मला या लेखात प्रामुख्याने सांगावयाचे आहे.

आता करप्याकडे वळू, कारण मानमोडी हे त्याचेच शेवटचे रूप. या बुरशीचे बीजाणू डोळ्यांना न दिसणारे आणि वाऱ्यावर सहज वाहून जाणारे. ते पानावर पडले एवढ्याने काही घडत नाही. पानावर पाण्याचा पातळ थर दहा-बारा तास टिकला, आभाळ झाकोळलेले राहिले, रात्र थंडावली, म्हणजे बीजाणू अंकुरतो आणि त्याच्या टोकाशी काळ्या भिंतीची एक सूक्ष्म पेशी तयार होते. या पेशीत सुमारे ऐंशी वातावरणांइतका दाब साठतो, आणि त्या दाबाच्या जोरावर एक बारीक खुंटी पानाची त्वचा भेदून आत शिरते. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब साधारण दोन-सव्वादोन वातावरणांचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे केसाहूनही सूक्ष्म अशा या जीवाच्या सामर्थ्याची कल्पना येते. आठवड्याच्या आत पानावर दोन्ही टोकांना निमुळते, डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखी आणि कडेला तपकिरी असे ठिपके उमटतात, आणि प्रत्येक ठिपका पुन्हा हजारो बीजाणू हवेत सोडू लागतो.

ही प्रक्रिया समजून घेण्याचे प्रयोजन निव्वळ कुतूहलाचे नाही. करप्यावर ट्रायसायक्लाझोल नावाचे जे औषध सर्रास वापरले जाते, ते त्या पेशीच्या भिंतीतला काळा रंगच तयार होऊ देत नाही. रंग नाही म्हणून भिंत दाब धरत नाही, आणि दाब नाही म्हणून खुंटी पानात शिरत नाही. अर्थात हे औषध दारावरचा पहारेकरी आहे. घरात शिरलेल्या चोरापुढे त्याचा फारसा इलाज चालत नाही. मानमोडीसाठी फवारणी करावयाची तर ती लोंबी पोटरीतून बाहेर पडू लागते त्या दिवसांत. मान काळी पडल्यावर केलेली फवारणी म्हणजे औषधाचा, मजुरीचा आणि पाण्याचा अपव्यय. पुष्कळ कास्तकार हाच अपव्यय दरवर्षी करतात, आणि त्याचा दोष मी त्यांच्या अज्ञानाला देणार नाही. लोंबी पांढरी दिसल्याखेरीज पैसा खर्चावयास मन धजत नाही, कारण तो पैसा बहुधा उसनवारीचा असतो. युरोपीय संघाने २०१७ साली या औषधाच्या तांदळातील अवशेषाची मर्यादा दशलक्ष भागांत एक शतांश भागापर्यंत खाली आणली आणि उत्तर भारतातल्या बासमतीच्या निर्यातदारांची झोप उडाली. गोंदियाचा तांदूळ बासमती नव्हे, तरी गरजेहून अधिक औषध पिकावर गेल्याची किंमत केव्हातरी बाजारात मोजावी लागते, हा त्या घटनेचा आपल्यापुरता अर्थ.

करप्याला सर्वांत अधिक बळ देणारी वस्तू कोणती असे मला कोणी विचारले, तर मी निःशंकपणे युरियाचे नाव घेईन. नत्र अधिक झाले की पान हिरवेगार, लुसलुशीत आणि पातळ त्वचेचे होते, चूड दाट होते, आत हवा खेळत नाही, दव उशिरापर्यंत सुकत नाही. म्हणजे बुरशीला जे हवे ते सर्व आपणच तिच्यापुढे वाढून ठेवतो. नत्राची मात्रा एकदम न देता रोवणी, फुटवे आणि लोंबीची धारणा अशा तीन हप्त्यांत विभागून द्यावी, असे कृषी विद्यापीठ कित्येक वर्षे सांगत आले आहे. आभाळ भरलेले असताना आणि पानावर ठिपके दिसत असताना तो हप्ता सरळ पुढे ढकलावा, ही त्या सूचनेची दुसरी बाजू मात्र क्वचितच ऐकू येते.

याच्या अगदी उलट स्वभावाचा रोग म्हणजे तपकिरी ठिपक्यांचा. करपा अतिपोषित पिकावर माजतो, तर हा उपाशी पिकावर. पाणी न धरणाऱ्या बरड जमिनीत, पालाश आणि सिलिका यांची उणीव असलेल्या बांधीत, पाण्याचा ताण पडलेल्या पिकावर तिळासारखे गोल तपकिरी ठिपके येतात आणि दाण्यावरही उतरतात. १९४२ साली बंगालमध्ये हा रोग भयंकर पसरला आणि पुढच्याच वर्षी लाखो माणसे दुष्काळात मृत्युमुखी पडली. त्या दुष्काळाच्या कारणमीमांसेत रोगाचा वाटा किती आणि युद्धकाळातील राज्यकारभाराचा वाटा किती, याविषयी विद्वानांत तीव्र मतभेद आहेत, परंतु १९४६ साली कटक येथे केंद्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली तिच्यामागे त्या आपत्तीचे स्मरण होते. गोंदियाच्या कास्तकाराने या रोगापासून घ्यावयाचा बोध साधा आहे. धानाने जमिनीतून उचललेल्या पालाशाचा बहुतांश आणि सिलिकेचाही मोठा भाग तणसात राहतो. ते तणस जाळले, किंवा विकून गावाबाहेर घालविले आणि बदल्यात शेणखताची एक गाडीही बांधीत पडली नाही, तर जमीन वर्षानुवर्षे रिती होत जाते आणि हे ठिपके तिच्या दारिद्र्याचा दाखला देत राहतात.

रोग नसून रोगासारखे भासणारे काही प्रकारही असतात. रोवणीनंतर तीन-चार आठवड्यांनी पाने गंजल्यासारखी तांबूस पडतात आणि चूड खुंटते, तो ‘खैरा’ बुरशीचा नसून जमिनीतील जस्ताच्या अभावाचा परिणाम आहे, हे डॉ. यशवंत नेने यांनी १९६६ साली पंतनगर येथे दाखवून दिले; तिथे बुरशीनाशक ओतणे निरर्थक, आणि झिंक सल्फेट हाच उपाय. उलट लोंबीत पिवळ्या-हिरव्या मखमली गोळ्यांच्या रूपाने येणारी आभासमय काजळी खरा रोग असूनही अनेक प्रांतांत पूर्वी ‘लक्ष्मी’ म्हणून शुभ मानली जाई, कारण ज्या ओल्या आणि भरल्या हंगामात धान उत्तम येते त्याच हंगामात तीही येते.

पाण्याच्या वाटेने हिंडणारा खरा रोग म्हणजे कडाकरपा. हा बुरशीचा नव्हे, जिवाणूचा. जपानात तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ध्यानी आला. भारतात तो पहिल्यांदा दिसला तो आपल्याच राज्यात, १९५१ साली, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. पानाच्या टोकापासून कडेकडेने नागमोडी पिवळी पट्टी खाली उतरते आणि मागाहून ती वाळक्या गवताच्या रंगाची होते. ओळख पटविण्याची रीत अगदी सोपी आहे: रोगट पानाचा तुकडा कात्रीने कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरावा, थोड्याच वेळात कापलेल्या कडेतून दुधाळ धार पाण्यात उतरताना दिसली, तर तो जिवाणू समजावा. ही परीक्षा प्रत्येक गावातल्या शाळेत मुलांना करून दाखविण्याजोगी आहे, कारण औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी बुरशी आणि जिवाणू यांतला भेद ज्याला कळला त्याचा निम्मा खर्च वाचला.

या जिवाणूला आत शिरावयास जखम फार सोयीची पडते. वादळी पाऊस पाने फाडतो तेव्हा ती मिळते. आणि पाऊस लांबल्यामुळे पऱ्हे जुने व उंच झाले म्हणजे रोवणीच्या वेळी त्यांचे शेंडे कापण्याची जी चाल आहे, तिने आपण ती हजारो ठिकाणी स्वहस्ते करून देतो. शेंडे कापलेली पेंढी चिखलात ठेवावी, आणि त्याच चिखलात मागच्या हंगामाची धसकटे कुजत असावीत, याहून रोगाला सोयीचे काय असणार? एकदा पसरल्यावर यावर खात्रीचे औषध नाही. स्ट्रेप्टोमायसीन आणि ताम्रयुक्त औषध यांचे मिश्रण फवारतात. परंतु स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयरोग्याला वाचविणारे औषध आहे, आणि ते शेतात उधळत राहिलो तर जिवाणूंना त्याची सवय जडते, या भीतीने केंद्र सरकारने २०२१ साली त्याच्या शेतीतील वापरावर बंदीचा मसुदा जाहीर केला. मला ही भीती रास्त वाटते. रोगग्रस्त बांधीचे पाणी काही दिवस काढून टाकणे, तिच्यातून खालच्या बांधीत पाणी न सोडणे, युरिया थांबविणे, आणि पुढील वर्षी वाण बदलणे, हे उपाय दिसावयास किरकोळ, पण गुण त्यांनाच आहे. वाणांच्या बाबतीत एक आश्वासक हकिगत सांगण्यासारखी आहे. आफ्रिकेतल्या माली देशातून आलेल्या एका रानभातात या जिवाणूला दाद न देणारा गुणधर्म सापडला; तो आणि तसेच आणखी दोन गुणधर्म हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी सांबा महसुरी या बारीक व लोकप्रिय वाणात संकराने उतरविले, आणि सुधारित सांबा महसुरी २००८ साली प्रसारित झाली. तांदळाची चव न गमावता रोगाचा प्रतिकार साधता येतो, हे तिने सिद्ध केले.

गावात मात्र रोग म्हटले की गादमाशी आणि तुडतुडेही त्यातच मोडतात, आणि नुकसानीच्या हिशेबात ते योग्यच आहे. गादमाशीची अळी रोपाच्या वाढत्या कोंबात शिरते, कोंबाची चंदेरी नळी होते, आणि त्या नळीला कधीच लोंबी येत नाही. नळ्या दिसू लागल्यावर फवारणीचा काही उपयोग नसतो, जे काही करावयाचे ते पऱ्ह्यातच आणि लवकर रोवणीने. तुडतुड्यांची कथा अधिक उद्बोधक आहे. हे इवलेसे कीटक चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या वर चार बोटे, रस शोषत बसतात; वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही, आणि एके दिवशी बांधीच्या मध्यभागी गोल खळे करपून गेलेले आढळते. २०१७ च्या खरिपात पूर्व विदर्भात त्यांनी असा कहर केला, की राज्य शासनाने कापसावरील बोंडअळीच्या बरोबरीने धानावरील तुडतुड्यांच्या नुकसानीसाठीही मदत जाहीर केली, आणि तलाठी व कृषी सहायक तेहेतीस टक्क्यांच्या निकषावर पंचनामे करीत हिंडले.

या कीटकाच्या प्रादुर्भावामागे पुष्कळदा औषधच असते. बांधीत कोळी असतात, हिरवे मिरिड ढेकूण असतात, आणि ते तुडतुड्यांची अंडी-पिल्ले खाऊन त्यांना मर्यादेत ठेवतात. पिकाच्या सुरुवातीलाच खोडकिड्याच्या धास्तीने कृत्रिम पायरेथ्रॉइड वर्गातले जहाल औषध मारले की हे मित्र मरतात आणि तुडतुडे मोकाट सुटतात. इंडोनेशियाने हा अनुभव राष्ट्रीय प्रमाणावर घेतला, आणि १९८६ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी एका फर्मानाने भातावरील ५७ कीटकनाशकांना मनाई केली. भाताचे उत्पादन त्यामुळे कोसळले नाही. आपल्याकडे सांगितलेला उपाय विनाखर्चाचा आहे: रोवणी २० बाय १५ सेंटिमीटरवर करावी, दर दहा ओळींनंतर एक फुटाचा पट्टा मोकळा सोडावा, चूड हलवून बुडाशी पाहावे, आणि चुडामागे दहाच्या आसपास तुडतुडे दिसले तरच औषधाचा विचार करून ते बुंध्यावर पडेल असे फवारावे. पट्टा सोडणे म्हणजे जमीन वाया घालविणे, असे रोवणीच्या ठेकेदारास आणि धन्यासही वाटते. पण त्या पट्ट्यातून ऊन आणि वारा बुडापर्यंत पोहोचतो, आणि फवारणाऱ्याला पीक न तुडविता आत जाता येते.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय बियाण्याचा आहे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतावे. पोचट व रोगट दाणे तरंगतात, ते काढून टाकावेत. तळाचे बियाणे साध्या पाण्याने दोनदा धुऊन सावलीत वाळवावे, आणि किलोमागे तीन ग्रॅम थायरम चोळावे. यास थोडे मीठ, एक टोपले आणि अर्धा दिवस लागतो. साकोली आणि सिंदेवाही येथील संशोधन केंद्रे, हिवऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र, सर्वांचा उपदेश इथूनच सुरू होतो. तरीही कास्तकार पुष्कळदा हे पाऊल टाळतो आणि पुढे कृषी सेवा केंद्राच्या फळीसमोर उभा राहून, ठिपका दाखवून, दुकानदार देईल ती तीन औषधे एकाच पंपात मिसळतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ सालीच कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. उघड्या अंगाने, वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून, मिश्रणाचे गुणधर्म न जाणता फवारणी करण्याचा हा परिणाम धानाच्या मुलखाने विसरू नये.

शेवटी पुन्हा शिवाराच्या प्रश्नाकडे यावे लागते. या भागातले तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले. नवेगाव बांधाचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला आहे. तलावाचे पाणी कोणत्या बांधीला केव्हा मिळावे, याचे निर्बंध त्या काळी गावाने पाळले, कारण एकाने आगळीक केली तर खालच्या दहांचे पीक बुडे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाण्याच्या वाटणीतला तो सामुदायिक विचार हळूहळू क्षीण झाला. आज रोगाच्या बाबतीत नेमका तोच विचार हवा आहे. एका शिवारात कोणी आषाढाच्या आरंभी रोवतो, कोणी श्रावणात. इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली खरीप संपते न संपते तोच उन्हाळी धान उभे राहते. म्हणजे कीटकाला आणि जिवाणूला वर्षभर कुठे ना कुठे कोवळे पान मिळतच राहते. शिवाय बाजारात ज्या एका बारीक वाणाला भाव, तोच वाण साऱ्या गावात. चीनमधल्या युनान प्रांतात शेतकऱ्यांनी रोगाला बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी प्रतिकारक वाणात मिसळून लावल्या, तेव्हा बळी पडणाऱ्या वाणावरील करप्याची तीव्रता ९४ टक्क्यांनी घटली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात हजारो शेतकरी सहभागी होते, आणि तो यशस्वी झाला तो सर्वांनी मिळून केला म्हणून. एकट्याने आपल्या चार बांध्यांत तो केला असता, तर शेजारच्या शिवारातून येणाऱ्या बीजाणूंपुढे त्याचा निभाव लागला नसता.

आपल्या ग्रामसभांना रस्ते आणि घरकुले यांची चर्चा करता येते, तशी रोवणीची आणि वाणांची चर्चाही करता येईल. त्यासाठी कोणत्या नव्या कायद्याची किंवा सरकारी मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. हलक्या, मध्यम आणि भारी वाणांची शिवारात वाटणी कशी असावी, रोवणी कोणत्या पंधरवड्यात आटोपावी, उन्हाळी धानाआधी धसकटे नांगरून जमीन किती आठवडे मोकळी ठेवावी, रोगट बांधीचे पाणी कुठे वळवावे, या चार बाबी मृगापूर्वी एकत्र बसून ठरविल्या आणि त्या कृषी सहायकाच्या साक्षीने नोंदवहीत लिहून ठेवल्या, तर हंगामाअखेर कोणाच्या बांधीत किती फवारण्या लागल्या याचा हिशेब त्याच बैठकीत मांडता येईल, आणि पुढल्या वर्षीची वाटणी त्या हिशेबावरून बदलता येईल.